उकळून गार केलेलं पाणी

१२ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक उ. आ.

पन्नाशी उलटली तरी तुला टिल्लू म्हणते याचा राग येत असेल तर येऊ दे. पाकिटावर मात्र हुद्द्यासकट पूर्ण पत्ता घातला आहे, प्रयोगशाळेत तुझी शोभा व्हायला नको. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, त्याचं कारण सांगते, पण आधी खाली बस.

माझ्या डाव्या छातीत एक गाठ आहे. दुखत नव्हती, म्हणून मीही तिच्या वाटेला गेले नाही. ह्यांना सांगायचं म्हणजे घरभर रडारड, आणि ती माझी नव्हे, ह्यांची. पण वसतिगृहाच्या धुलाईघरात ओल्या चादरी दोरीवर टाकताना हात वर जाईना, तेव्हा मुकाट्याने सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण आहे, चांगला आहे, पण एकटा आहे. त्याच्या दारात अख्खा जिल्हा बसलेला असतो. त्याने गाठीचा लहानसा तुकडा काढून बाटलीत घातला आणि म्हणाला, याची तपासणी इथे होत नाही, राजधानीला पाठवा, ज्याचं त्याने पोचवायचं. म्हणजे तुझ्याकडेच. देशात अशी एकच जागा आणि तिथे माझा सख्खा भाऊ. माझा वशिला केवढा मोठा, बघ.

नर्सबाईंनी बाटली हातात दिली आणि पुढच्या बाईला हाक मारली. बाटली कसली, मधाची जुनी, लेबल अर्धं खरवडलेलं. आत कसलं तरी उग्र पाणी, डोळ्यांना झोंबणारं. घरी येईपर्यंत माझं डोकं उठलं. असल्या घाणीत माझा तुकडा तुझ्याकडे पाठवायचा म्हणजे धुलाईघरवालीचं नाव काय राहिलं? ते पाणी मोरीत ओतलं, बाटली साबणाने घासून गरम पाण्याने विसळली, तुकडाही हलक्या हाताने धुतला आणि उकळून गार केलेलं पाणी भरलं. झाकणाला मेण लावलं. बसचा कंडक्टर ओळखीचा आहे, त्याच्याकडे बाटली आणि हे पत्र देते आहे. चकचकीत दिसते की नाही, कळव.

तुझ्या सौ.ला आशीर्वाद. लोभ वाढवायला तुला सवड नसते हे मला माहीत आहे, तेव्हा आहे तेवढा सांभाळ.

तुझी
ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाटली आणि पत्र, दोन्ही मिळालं. गाठीचं आधी का कळवलं नाहीस यावर मी काही लिहीत नाही. लिहायला बसलो तर कागद पुरणार नाही, आणि तू तो धुऊन परत पाठवशील.

ताई, इथे एक गडबड झाली आहे. तपासण्याआधी प्रत्येक तुकडा आमच्या एका यंत्रातून जातो. मधेच वीज गेली, यंत्र अडकलं आणि तुझा तुकडा खराब झाला. चूक आमची. त्यामुळे गाठ साधी आहे की वाईट, हे अजून कुणालाच माहीत नाही. डॉक्टरांकडून पुन्हा तुकडा काढून घे, या आठवड्यातच. आणि या वेळी बाटली ते देतील तशीच पाठव, सजवायच्या भानगडीत पडू नकोस.

भाऊजींना नमस्कार. त्यांना सांगितलं नसशील तर आता सांग. तुझा लोभ मला लहानपणापासून पुरला आहे, तो यापुढेही पुरू दे.

तुझा
टिल्लू


१९ फेब्रुवारी

मा. डॉक्टरसाहेब,
स. न. वि. वि.

सोबतच्या अहवालात ‘निदान शक्य नाही’ असं लिहिलं आहे. तुकडा औषधाऐवजी साध्या पाण्यात आला. वाटेत तो आतून कुजला, काचेखाली नुसता चिखल दिसतो. बाटलीतलं औषध पेशंटने स्वतः ओतून दिलं, तेही स्वच्छतेपायी.

पेशंट माझी थोरली बहीण आहे. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. आपल्या हातून असं झालं हे तिला कळलं तर ती मोडून पडेल. मी तिला यंत्राचं कारण दिलं आहे. आपणही खरं कारण सांगू नये, एवढी विनंती. दुसरा तुकडा मात्र लवकर घ्यावा. बाटल्यांवर दोन शब्दांची सूचना लिहिता आली तर फार बरं होईल. आपल्याला श्वास घ्यायला वेळ नसतो हे जाणून लिहितो आहे.

आपला,
प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ


९ मार्च

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

तुमच्या यंत्राला अडकायला नेमका माझाच तुकडा सापडला का? डॉक्टरही म्हणतो, पुन्हा घेऊ. का म्हणून विचारलं तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागला. म्हणजे तुमची सगळ्यांची एकी आहे. मी सरळ नाही म्हटलं. पहिली जखम अजून ओली आहे, आणि पुन्हा वीज जाणार नाही याची हमी कोण देणार? वसतिगृहाला सुट्टी लागली की बघू. गाठ काही पळून जात नाही. ह्यांना सांगितलं. अपेक्षेप्रमाणे मलाच ह्यांची समजूत घालावी लागली.

मी मात्र रिकामी बसलेली नाही. ड्रेसिंगला जाते तेव्हा बाकावर बायका भेटतात, हातात तसल्याच बाटल्या, नाकं मुरडलेली. तिघींना घरी आणलं आणि पाणी बदलून दिलं. त्यातली एक आपल्या कोपऱ्यावरची गिरणीवाली. नवरा परगावी, दोन मुली, दिवसभर पिठात पांढरी झालेली असते. ती तुकडा काढूच देत नव्हती. माझ्या भावाच्या हातात जाणार आहे म्हटल्यावर तयार झाली. तेव्हा यांच्या वेळी तरी यंत्राकडे नीट लक्ष दे. आणि मी तिघींनाही बजावलं आहे, तुकडा एकदाच द्यायचा. त्यांनी बिघडवला तर दुसऱ्यांदा कापू द्यायचं नाही.

सौ.ला सांग, तिने पाठवलेला स्वेटर मला घट्ट होतो, पण मायेचा आहे म्हणून घालते. तू रागावला असशील तर राग लवकर आवर आणि पत्र धाड.

तुझी
ताई


१७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तिन्ही बाटल्या आल्या. घाईत लिहितो आहे, कंडक्टर खाली थांबला आहे. इथे नवा नियम निघाला आहे. बाटलीतलं पाणी कुणी बदललं असेल तर तुकडा तपासत नाहीत. त्या तिघींना कृपा करून पुन्हा तुकडा द्यायला सांग, आणि यापुढे कुणाच्याही बाटलीचं झाकण उघडू नकोस. तू स्वतः सुट्टीची वाट बघू नकोस. इकडेच निघून ये, इथे तुकडा काढून घेऊ. मी हात जोडतो, ताई. बाकी सगळं भेटीत. लोभ असेल तर एवढं ऐक.

तुझा
टिल्लू


४ एप्रिल

चि. टिल्लूस आ.

तुझा नियम वाचला आणि डॉक्टरशी भांडायला गेले. स्वच्छ पाणी चालत नाही असा कसला नियम, म्हणून सगळ्या बाकांसमोर आवाज चढवला. त्याने डोक्याला हात लावला, मला आत घेतलं, दार लोटलं आणि सगळं सांगितलं. ते झोंबणारं पाणी म्हणजे औषध होतं, त्यातच तुकडा टिकतो. मी माझा तुकडा कुजवला. मग त्या तिघींचे कुजवले. आणि हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी मोडून पडेन असं तुला वाटलं म्हणे. टिल्लू, आई गेली तेव्हा मी मोडले नाही, तू तापाने फणफणला होतास तेव्हा मोडले नाही, आणि एका बाटलीने मोडणार होते? माझं पाणी मी ओतलं, ते माझ्या अडाणीपणामुळे. पण त्या तिघींचं पाणी मी ओतलं ते तुझ्यामुळे. फेब्रुवारीत तू दोन ओळी खऱ्या लिहिल्या असत्यास तर मी रडले असते, तुला आणि त्या नर्सबाईंना शिव्या घातल्या असत्या, आणि मग बाकावर बसून येईल त्या बाईला सांगितलं असतं की झाकणाला हात लावू नका. मला फार राग आला आहे. तो लपवत नाही.

त्याच दिवशी तिघींच्या घरी गेले. एकीने ऐकून घेतलं. दुसरीच्या सासूने मला दारातून हाकललं, पण सून गुपचूप दवाखान्यात जाऊन आली. गिरणीवाली काही ऐकेना. म्हणाली, आधी तूच म्हणालीस दुसऱ्यांदा कापू द्यायचं नाही. मग यंत्र म्हणालीस, मग नियम म्हणालीस, आता औषध म्हणतेस. तुझ्या भावाने तुला खोटं सांगितलं, मग आता तू मला खरं सांगतेस हे कशावरून? एवढं बोलून तिने गिरणी सुरू केली. परवाही गेले होते. तेव्हाही तेच.

माझा दुसरा तुकडा काल काढला. बाटली सोबत आहे, मी उघडलेली नाही. जे निघेल ते जसंच्या तसं कळव. माझ्यावर तुझी माया आहे हे मला माहीत आहे, ती खोट्याने सिद्ध करायची गरज नाही. लोभाबद्दल या वेळी काही लिहीत नाही.

ताई


२० एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मायना नेहमीचाच घालतो आहे. तेवढा हक्क राहू दे.

अहवाल आला. कॅन्सर आहे. तुकड्याचे काप मी स्वतः केले. कुणा दुसऱ्याच्या हातात देववेना. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा पाहिले. तुमच्या डॉक्टरांनी सोबत लिहिलं आहे की आता काखेतही गाठी हाताला लागतात. फेब्रुवारीत बाटलीबरोबर आलेल्या त्यांच्या चिठ्ठीत काखेबद्दल काही नव्हतं. तेव्हा त्या नव्हत्याच, की होत्या आणि घाईत राहून गेल्या, हे मला माहीत नाही. पण त्या नव्हत्या असंच मी धरून चालतो. म्हणजे त्या माझ्या खोट्यामुळे गेलेल्या दिवसांत आल्या. दुसरं काही धरून सुटायला मन धजत नाही.

जसंच्या तसं लिही म्हणालीस, म्हणून पुढचंही लिहितो. शस्त्रक्रिया होईल, मेच्या मध्यावर. त्याआधीची तारीख मिळावी म्हणून मी सगळ्यांच्या पाया पडून आलो, मिळाली नाही. रांगेत सगळ्यांच्याच बहिणी आहेत, असं तिथला कारकून म्हणाला, आणि ते खोटं नाही. त्यानंतर किरणांचा उपचार लागतो. ते यंत्र बंद आहे, त्याचा भाग परदेशातून यायचा आहे. कधी येईल ते कुणी सांगत नाही. औषधं कधी असतात, कधी नसतात.

तिघींपैकी दोघींच्या बाटल्या पोचल्या, नीट औषधात. एकीची गाठ साधी निघाली, तिला आजच्या आज सांग. जिच्या सासूने तुला हाकललं तिची साधी नाही. तिचं पत्र तुमच्या डॉक्टरांकडे वेगळं पाठवलं आहे. गिरणीवालीची बाटली आली नाही. रोज बस आली की मी खाली जाऊन बघतो.

भाऊजींना घेऊन ये. वाटेत रडले तर रडू दे. पहिल्यासारखा लोभ मागायला मला तोंड नाही. उरला असेल तेवढा ठेव.

तुझा
टिल्लू


२८ मे

सौ. गिरणीवालीस,
स. न. वि. वि.

मी, कोपऱ्यावरची धुलाईघरवाली, राजधानीच्या इस्पितळातून लिहिते आहे. पत्र आमचे हेच हातात देतील. त्यांना बघून गिरणी सुरू करू नकोस. ते लगेच रडतात आणि मग तुझं पीठ भिजेल.

मी खरं सांगते कशावरून, असं तू विचारलं होतंस. त्याचा पुरावा माझ्याकडे नाही. म्हणून इथे जसं आहे तसं लिहिते. पुढचं तू ठरव.

शस्त्रक्रिया झाली. डावा हात खांद्याच्या वर जात नाही. चादर वाळत घालणं संपलं. सगळं काढता आलं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. किरणांचं यंत्र अजून बंद आहे. किती दिवस आहेत ते मी विचारलं, त्यांनी सांगितलं. वसतिगृहाची पुढची परीक्षा आणि पुढची सुट्टी मी बघेन असं त्यांना वाटत नाही. घरात ह्यांना ठाऊक आहे, आता तुलाही ठाऊक झालं. दुखतं. दुखण्याचं औषध कपाटात कुलूपबंद असतं, आणि किल्लीवाल्या बाई संध्याकाळी घरी जातात. लांबून आलेल्या बायका व्हरांड्यात जमिनीवर झोपून आपल्या पाळीची वाट बघतात. भाऊ रोज कामावरून सुटला की येऊन पलंगाच्या पायाशी बसतो. मी त्याच्याशी अजून धड बोलत नाही, पण त्याने आणलेलं खाते.

हे सगळं वाचून तू म्हणशील, मग कशाला यायचं? सांगते. आपल्यातल्या एकीची गाठ साधी निघाली. तुझीही तशीच निघेल असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही. पण तुझी मी चाचपली होती, ती माझ्याहून पुष्कळ लहान होती, आणि तुझी काख मोकळी होती. तुझ्या हातात वेळ होता. त्यातला थोडा माझ्या शहाणपणाने खाल्ला. उरलेला तू रागापायी घालवू नकोस. मला दार उघडू नकोस, जन्मभर बोलू नकोस, पण इथे ये. तुकडा इथेच काढतात, बाटली कुणाच्या घरी न्यावी लागत नाही. मुलींना आमचे हे सांभाळतील, त्यांचा वरण-भात बेचव असतो पण मुली उपाशी राहणार नाहीत.

माझ्या शेजारच्या पलंगावर तुझ्याच वयाची एक बाई होती, तिलाही दोन मुली. काल पलंग रिकामा झाला. ती बरी होऊन घरी गेली असं लिहावं, म्हणजे तुला धीर येईल, असं फार मनात आलं. ती घरी गेली नाही. ती वारली.

तो पलंग अजून कुणाला दिलेला नाही. माझ्यावर लोभ नसला तरी चालेल. तू ये.

तुझी
शेजारीण