बद्रीच्या अकलेचा नवस

राजूर, ता. ९ फेब्रुवारी २००४

मला न विचारता शेजारच्या चांगुणाबाईच्या फोनवर निरोप ठेवतोस, "आईचं गाठोडं बांधून ठेवा, पाडव्याला पुण्याला नेतो." मी काय कापसाची गाठ हाय?

बद्रीनाथ, आता आशीर्वाद घे. बेबीनंदा सूनबाईला अन् नातवंडांनाबी. थंडी सरली, हरभरा काढणीला आला. माझं बरं हाय.

ब्लडप्रेशर दिवाळीला एकशे नव्वद होतं, परवा एकशे चौतीस भरलं. डॉक्टरीणबाईनं दोनदा मोजलं, यंत्रावर तिचाच भरोसा बसंना. गोळी चालूच हाय. पण ती म्हणली होती, "आजी, दाब सारखा वाढलेला असला की मेंदूला आतून बारीक सूज धरते. रोज तासभर झपाझप चाला, दोन्हीला उतार पडेल." अन् तू सांगून गेल्तास, खाटेवरून उठू नको!

म्हातारी बिनकामाची चालली की गाव म्हणतं भरकटली. दोनदा हाताला धरून घरी आणून सोडलं मला. मंग गणपतीला प्रदक्षिणा धरल्या. तिथं कुणी अडवत न्हाई, उलट वाट देतात.

गेल्या आठवड्यात चांगुणाबाईनं विचारलंच, "गोजरबाई, नवस कशाचा?"

"बद्रीला अक्कल येऊ दे म्हणून."

"मंग लई फेऱ्या लागतील, बाई."

आता तीबी येती संगं. धापा टाकत, माझ्या मागं.

एक सांगायचं टाळत होते. दिवाळीत तीन दिवस तुला 'लेकरा, लेकरा' म्हणले. तुला गोड वाटलं, डोळे पुसलेस. अरे, मी जन्मात कुणाला लेकरा म्हणले का? तुझं नावच सापडत नव्हतं. मीच ठेवलेलं. लई भ्याले. तोंडातून शब्द काढला न्हाई कुणाजवळ.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, अकराव्या फेरीला, सापडलं. अशी ओरडले "बद्रीनाथ!" की पुजारी बाहेर आला. म्हणला, "आजी, हा गणपती हाय. बद्रीनाथ लांब, हिमालयात."

म्हणलं, "न्हाई हो, पुण्यात हाय. पोट सुटलंय त्याचं."

त्या दिवसापासून एक नाव चुकलं न्हाई. तुझ्या सासऱ्याचंबी आठवतं, नको असताना.

पाडव्याला ये. न्यायला न्हाई, फेऱ्या घालायला. मागं राह्यलास तर गाठोडं तुझं बांधू.

तुझी आई,
गोजरबाई

उत्तर तू स्वतः लिहायचं. बेबीनंदाकडून लिहून घेतलंस तर परत पाठवीन. अक्षरं ओळखू येतात मला.