काजळाच्या रेघेखालचं तेल

दिंद्रुड, श्रावण वद्य षष्ठी, फसली १३२०

आज पुन्हा कमी. काल तेलाच्या बाटलीवर काजळाची रेघ ओढून ठेवली होती, आज तेल रेघेच्या बोटभर खाली.

या दमट हवेत करडईचं तेल माझ्या केसांना सोसत नाही. चिकट होतात, दोन दोन दिवस वाळत नाहीत, वास मारतो. खोबरेलही जड पडलं. म्हणून कचेरीच्या कामाला गेले तेव्हा ह्यांनी बीडहून मोगऱ्याचं हलकं तेल आणलं. मला ते मानवलं. घरात आणखी कुणाला तरी मानवलेलं दिसतंय.

धाकट्या जावेवर माझा डोळा होता. सकाळी विचारलंच. म्हणाली, "मी काऊन घेऊ तुमचं तेल, अक्का? घ्या, डोकं हुंगून बघा." हुंगलं. करडई. सासूबाईंचा अंबाडा मीच घालते, तिथंही करडईच. मग रेघेखाली तेल उतरतं कसं?

संध्याकाळी वन्संच्या हातातली घागर घेताना त्यांचा पदर डोक्यावरून सरकला. नवरा गेल्यापासून त्यांच्यासाठी दर महिन्याला न्हावी येतो, मागच्या आठवड्यातच येऊन गेला. त्या खुंटांना मोगऱ्याचा वास येत होता. आणि मी केस असलेलीच डोकी हुंगत फिरले. त्यांनी पदर ओढला. मी घागर घेऊन आत गेले.

जावेला सांगितलं, बूच सैल आहे, तेल झिरपतं. तिला पटलं का? देव जाणे.

काजळाची रेघ पुसली. बाटली खालच्या फडताळात ठेवली, वन्संचा हात पोचेल अशी.