अश्वजित नाकाडोंगरीला जाणार नाही

पुणे, रविवार

प्रिय आई,

फोनवर हे बोलता आलं नसतं. अश्वजितचा विषय निघाला की "घे, बाबाशी बोल" म्हणून तू फोन बाबांच्या हातात देतेस. म्हणून लिहिते आहे. चष्मा लाव आणि अंगणात बाजेवर बसून सावकाश वाच. अश्वजित जवळ येऊन बसला तर बसू दे.

माझ्या साक्षगंधाच्या आधी त्याला नाकाडोंगरीला जनामावशीकडे पाठवायचं ठरलं आहे, असं बाबांनी पंधरा दिवसांपूर्वी सांगितलं. माझ्या होणाऱ्या सासरी, धर्मेंद्रच्या घरच्या लोकांसमोर तो नको, असं तूच म्हणालीस म्हणे. त्याला काय सांगणार, असं मी विचारलं. बाबा हळू आवाजात म्हणाले, मावशीच्या बकरीला पिल्लं झाली, ती बघायला चल म्हणू. आई, एकोणीस वर्षांचा आहे तो. बहिणीचं साक्षगंध म्हणजे काय, हे त्याला कळतं. मला रोज फोनवर विचारतो, "हर्सा, मी कोनता सदरा घालू?"

तो जन्मला तेव्हा मी दहा वर्षांची होते. तुला दवाखान्यातून वरठीला घरी आणलं आणि शेजारच्या बाया बाळ बघायला आल्या. त्याचे वर ओढलेले डोळे, बाहेर येणारी जीभ बघून त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं विचारलं, ग्रहणात काही चिरलं होतं का. ज्या घरात आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच ग्रहण पाळणं सोडलं, त्या घरात बसून विचारलं. दुसरी म्हणाली, "पोटात लेकरू होतं तं रोवण्याले काहून गेलतीस?" तू खाली मान घालून बाळाचं दुपटं सारखं करत राहिलीस. बाबा कारखान्यातून आले तेव्हा त्यांनाही काही सांगितलं नाहीस. पुढच्या वर्षीपासून धानाची रोपं लावायला, रोवण्याला, तुझं जाणं बंद झालं. बुद्धजयंतीला सगळे यायच्या आधीच विहारात जाऊन येऊ लागलीस. लग्नांना बाबा एकटे जायचे. अश्वजितला नाचायची एवढी हौस, पण कुणाच्या वरातीत तो कधी नाचला नाही.

मी इथे प्रयोगशाळेत काय करते, हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. आज सांगते. आपल्या शरीरातल्या पेशींत गुणसूत्रं असतात, बारीक दोऱ्यांसारखी. पेशीचे दोन भाग व्हायच्या आधी प्रत्येक दोऱ्याची हुबेहूब नक्कल तयार होते. दोऱ्याच्या या दोन प्रती वेळेआधीच सुट्या झाल्या तर वाटणीत गोंधळ होईल. म्हणून त्यांना एकत्र धरून ठेवायला प्रथिनांच्या कड्या असतात. बांगडीसारख्या गोल, पण साध्या डोळ्यांना कधीच दिसणार नाहीत इतक्या लहान. त्यांना कोहेसिन म्हणतात. वाटणीची वेळ आली की कडी कापली जाते आणि एक प्रत इकडे, एक तिकडे जाते.

बाईच्या बीजांडातल्या कड्यांचं मात्र वेगळं आहे. ती बाई स्वतः आपल्या आईच्या पोटात असते तेव्हाच त्या बसतात. आतापर्यंत आम्हाला जे कळलं आहे त्यावरून, पुढे नव्या कड्या जवळजवळ बसतच नाहीत. म्हणजे ज्या बीजांडातून अश्वजित झाला ते तू आजीच्या पोटात होतीस तेव्हाचं, गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या त्या गावातलं. त्या कड्यांनी एक्केचाळीस वर्षं धरून ठेवलं. वय वाढतं तशा त्या सैल पडतात, आणि मग वाटणीत एखादं गुणसूत्र भलत्याच बाजूला जातं. अश्वजितच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती आहेत, त्या बहुधा अशाच आल्या. प्रत्येक वेळी हेच कारण असतं असं मी म्हणणार नाही, पण मोठं कारण हे आहे. उंदरांच्या बीजांडांत मी हे रोज बघते. त्या उंदरिणी रोवण्याला जात नाहीत, ग्रहणात भाजी चिरत नाहीत.

आता जे सांगणार आहे त्यावर तू रागावशील. मागच्या आठवड्यात मी भंडाऱ्याला येऊन गेले. घरी आले नाही, कारण तू मला अडवलं असतंस. मी धर्मेंद्रच्या आईंना, कौशल्याबाईंना, भेटायला गेले होते. मोबाइलवर अश्वजितचा फोटो दाखवला आणि म्हटलं, हा माझा भाऊ, साक्षगंधाला हा माझ्याजवळ बसेल. धर्मेंद्रला सगळं आधीपासून माहीत होतं, आईंना नव्हतं. कौशल्याबाईंनी मोबाइल हातात घेऊन फोटो जवळून बघितला. मग सरळ विचारलं, "तुमच्या लेकरालेबी असंच होईन का?"

मला त्यांचा राग आला नाही. तोंडावर विचारलं, पाठीमागे नाही. गेल्या वर्षी नागपूरला अश्वजितचं रक्त तपासलं होतं. त्याच्या डाउन सिंड्रोमचा जो प्रकार निघाला तो सहसा घराण्यात उतरत नाही, हे मी त्यांना सांगितलं. पण कोणत्याही बाईला असं मूल होऊ शकतं, मलाही, आणि झालं तर ते माझं मूल असेल, हेही सांगितलं. खात्री मागू नका, ती कुणीच देऊ शकत नाही, असं म्हणून मी उठले. त्यांनी थांब म्हटलं नाही. परतीच्या प्रवासात मी मनाशी ठरवलं होतं की हे लग्न मोडलं तर मोडलं.

काल धर्मेंद्रचा फोन आला. त्याचे काका केशवराव येणार नाहीत म्हणतात. न येवोत. आणि कौशल्याबाईंनी विचारलं आहे, अश्वजितला कुडता कोणत्या मापाचा लागतो? त्याचं माप घेऊन कळव. पोट सुटलंय त्याचं, सैलच घ्यायला सांग.

तो नाकाडोंगरीला जाणार नाही. पण एवढंच सांगायचं असतं तर बाबांना फोन करून भागलं असतं. दिवाळीला घरी आले होते तेव्हा तू आणि जनामावशी मागच्या अंगणात धान पाखडत होतात. मी पाणी आणायला आले आणि दाराआड थांबले. तू मावशीला म्हणालीस, "माह्याच पोटात खोट होती, जना. त्या पोराले मीच असं केलं." तेव्हा मी पाणी न घेताच परत आत गेले. हे पत्र त्या वाक्यासाठी लिहिलं आहे. तुझ्या पोटात खोट नव्हती, आई. ते तुझ्या हातात नव्हतं, रोवण्यात नव्हतं, कोणत्याही ग्रहणात नव्हतं. तू त्याला काही केलं नाहीस. तू त्याला वाढवलंस. हे मी तुझी मुलगी म्हणून तुला बरं वाटावं यासाठी म्हणत नाही, माझं काम हेच आहे म्हणून म्हणते. परत तसं वाटलं तर हे पत्र पुन्हा काढून वाच, आणि मावशीलाही वाचून दाखव.

तुझीच,
हर्षा