पहिला खांदा

२७ फेब्रुवारी १९८७, मुलुंड
पट्ट्यावर चालून आलो! चालताना पोटऱ्या भरून येतात म्हणून डॉक्टरांनी पाठवलं. सरकता पट्टा, छातीला वायरी. वेग वाढला तसा मी पुढचा दांडा गच्च धरला. शिमग्याला गावदेवीची पालखी नाचवणारा माणूस, हात आपोआप जातो! मशीनवरची बाई ओरडली, "काका, दांडा सोडा! भार पायांवर येऊ दे." सोडला. पोटरीत गोळा आला. तसाच चालत राहिलो. पालखीखाली कधी "खांदा बदला" म्हटलं नाही, तिच्यापुढे "थांबवा" म्हणणार?

बाई डॉक्टरांच्या कानाशी कुजबुजली, "सर, रेट चढतच नाही." कामावर पंपांच्या खडखडाटात तयार झालेले कान माझे, ऐकलंच. खूश झालो. ठोके वाढत नाहीत म्हणजे दम आहे ना!

२ मार्च
खुशी उतरली. डॉक्टर म्हणाले, "सीतारामभाऊ, चाल वाढली की हृदयानं वेग घ्यायला हवा. तुमचं घेत नाही. साखरेनं नसा बधिर केल्यात, म्हणून छाती दुखतही नसेल. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, हृदयाच्याही झाल्या असणार."

मी म्हटलं, "म्हणजे लोड दिला तरी मोटर उचलत नाही, वर पाइपात गाळ!" ते हसले. मग हसायचे थांबले. "यंदा पालखी नाही. जिवावर बेतेल. सपाटीवर चाला, पोटरी दुखली की थांबा."

पहिला खांदा आमच्या घरचा. वडिलांनंतर माझा. गावात काय तोंड दाखवू?

५ मार्च
बायको रत्नप्रभा हल्ली भात कमी वाढते.

८ मार्च
धाकू आला. धाकटा भाऊ, चेंबूरला असतो. साखर माझ्यासारखीच, गोळ्या मात्र आठवणीनं विसरतो. "दादा, तू नुसता ढोल ऐक. नाचवतो मी! तुझ्यापेक्षा झकास."

"भावोजी, तुम्ही पण तपासून घ्या ना," रत्नप्रभा म्हणाली.

"वहिनी, मला कुठं काय दुखतंय?"

हायसं वाटलं. मान घरातच राहिला. खोटं कशाला लिहू — जरा जळलोही.

११ मार्च
उद्याची एसटी. धाकू पिशव्या घेऊन जिना चढत होता. मी आत, दार लोटलेलं. पावलं मधेच थांबली. मग निघाली. परत थांबली — बराच वेळ! दारात आला तो घामाघूम. म्हणाला, "चप्पल तुटली रे."

खाली पाहिलं. पायात बूट.

१२ मार्च
एसटी सोडली. धाकूला शिव्या देत, ओढत दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी पट्ट्यावर चढूच दिलं नाही. साधा कार्डिओग्राम पाहिला आणि स्ट्रेचर मागवलं. रत्नप्रभा त्याच्यापाशी आहे. मी गावी तार केली — पहिला खांदा कोणालाही द्या.