कोरड्या दगडातला शिंपला

लाडक्या ढब्बू,
आधी ताईकडून एक गालगुच्चा घे.

आईला सांग, मी वेळेवर जेवते आणि खोकलाही जवळजवळ गेलाय. तिची पाठ कशी आहे?

इथे आम्ही जमिनीत खोल भोक पाडून दगडाच्या लांब कांड्या बाहेर काढतो आणि पेटीत ओळीने मांडतो. वरचा थर नवा, खालचा जुना. काल मी सगळं उलटं मांडलं, तर आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "आजीला नातीच्या मांडीवर बसवलंस की."

कोरड्या दगडात काही दिसत नाही, म्हणून आम्ही त्याला चक्क जीभ लावतो. हे मात्र आईला सांगू नकोस. आज एक करडी कांडी अशीच ओली केली, तर आत इवलासा शिंपला. म्हणजे इथे कधीकाळी समुद्र होता. गाळ साचत गेला, त्याचा दगड झाला आणि शिंपला आत निजून राहिला. दिवसभर मला डोक्यावरून मासे पोहत गेल्यासारखं वाटत होतं.

बाबा जाऊन वर्ष झालं, आता त्यांचा आवाज आठवत नाही म्हणून तू रडतोस, असं आईने लिहिलंय. आवाज कुठे गेलेला नाही रे, नुसता गाळ साचलाय. तू खुशाल रड. ओला झाल्याशिवाय दगड आतलं काही दाखवत नाही.

तुझी,
दगड चाटणारी ताई