तळघराला कुलूप मी लावले

मी, धंद्याने कुलूपवाला, वय वर्षे बहात्तर, प्रभू येशू ख्रिस्ताच्या दयेवर भिस्त ठेवून माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याची डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. हात थरथरतो म्हणून मी सांगतो आहे आणि मुलगी लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. भीती आहे, ती मात्र आहे.

कलम १. राहते घर पत्नीला, तिच्यामागे मुलीला. स्वयंपाकघराची खिडकी पावसात फुगते. ती उचलून लावावी, ढकलू नये.

कलम २. कानशी, पकडी व चाव्या कापायचे यंत्र धाकट्या भावाला. भोके पाडायचे गिरमिट मेहुण्याकडे आहे. "मी कधीच परत केलं," असे तो अकरा वर्षे सांगतो. आता ते त्याचेच समजावे. त्याने फक्त हे सांगणे थांबवावे.

कलम ३. दुकानाची खोली. ती कोणाला व का, यासाठी आधी एक गोष्ट सांगणे भाग आहे. पत्नीलाही ती ठाऊक नाही.

अठरा वर्षांपूर्वी एका गोदामाच्या व्यवस्थापकाने मला तळघराला नवे कुलूप बसवायला बोलावले. बेघर माणसे आत शिरतात, अशी तक्रार होती. गोदाम आठवडाभर बंद राहणार होते. त्याने विचारले, "आत कोणी नाही ना?" मी दाराला कान लावला. आतून खोकला आला. एकदाच. मला दुसऱ्या कामाला उशीर होत होता. माणसे निघाली तर पोलीस बोलवा, थांबून राहा, हे लचांड नको होते. मी म्हणालो, "कोणी नाही. उंदीर असतील." आणि चावी फिरवली.

चौथ्या दिवशी आतले ठोकणे ऐकून लोकांनी दार फोडले तेव्हा एक बाई पाण्यावाचून मेलेली होती आणि तिचा भाऊ शेजारी बसून होता. नीट पाहूनच कुलूप लावले, असे व्यवस्थापकाने चौकशीत सांगितले. मला कोणी विचारले नाही. मी होऊन गेलो नाही. काल मात्र खोकला ऐकूनही मी चावी फिरवली, असा जबाब पोलीस ठाण्यात सही करून दिला आहे.

(इथे मुलीने पेन खाली ठेवले. मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. "पुढं सांगा," म्हणाली. एरवी ती मला अरे-तुरे करते.)

त्यानंतर कुठेही दार आपटले की मी ते उघडून पाहून येई. चर्चच्या मंडळीत जाऊ लागलो तो भक्तीने नव्हे, धास्तीने. पाळकांनी मला बस आगारापाशी सकाळी बेघरांना चहा-पाव वाटायला नेले. दुसऱ्याच आठवड्यात रांगेत तो भाऊ उभा. वर्तमानपत्रातल्या फोटोवरून मी त्याला ओळखले. किटलीतला चहा माझ्याच हातावर सांडला. चार वर्षे त्याला कप देत राहिलो आणि रोज वाटे, आज हा ओळखणार.

शेवटी गेल्या वर्षी मीच तोंड उघडले. पाव बुडवता बुडवता तो म्हणाला, "ठाऊक आहे. पहिल्या दिवशी तुम्ही 'साखर हवी का?' विचारलंत, तेव्हाच दारापलीकडून 'उंदीर असतील' म्हणणारा आवाज ओळखला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही कधी बोलता ते बघत होतो."

मी माफी मागितली. त्याने कप खाली ठेवला. "माफ एकदा करून भागत नाही हो. रोज उठून नव्यानं करावं लागतं. देवाकडे तेवढंच मागतो. ज्या दिवशी जमत नाही, त्या दिवशी मी रांगेत येत नाही."

तेव्हापासून तो दिसला नाही की रांग संपली तरी मी किटली आवरत नाही. प्रभूने क्षमा केली, असे पाळक सांगतात. मी ते मानतो. तरी मेल्यावर त्या बाईसमोर उभे राहायचे आहे, याची भीती जात नाही.

सबब दुकानाची खोली मी त्या भावाला देतो. माफीचा मोबदला म्हणून नाही. उद्या त्याला माफ करणे कायमचे जमेनासे झाले, तरी खोली त्याचीच.

कलम ४. माझ्या शवपेटीचे झाकण थडग्यापाशी नेईपर्यंत लावू नये. हे हसण्यावारी नेऊ नये.

दुरुस्ती. वरील मजकूर आज दुपारी त्या भावाला वाचून दाखवला. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"खोली मला नको," तो म्हणाला. "बंद जागेत माझा जीव घुसमटतो. अठरा वर्षं मी उघड्यावर झोपतोय. तुम्हाला हे सुचलं नाही?"

सुचले नव्हते. मुलीनेच विचारले, "काका, मग कोणाला देऊ या?"

त्याने आगाराच्या दिशेने हात केला. "थंडीत आगारापाशी बायका कुडकुडत असतात. त्यांना द्या. दाराशी मी बसेन. चावी माझ्याकडे राहू दे."

म्हणून कलम ३ मधील 'त्या भावाला देतो' पासून 'खोली त्याचीच' पर्यंतचे शब्द खोडून 'निवारा नसलेल्या बायकांसाठी मंडळीच्या स्वाधीन करतो. चावी त्या भावाकडे राहील' असे लिहिले. खाडाखोडीशेजारी माझी सही आहे.

वाचून घेतले, बरोबर आहे.

सही: कुलूपवाला
लिहिणार: त्याची मुलगी
साक्षीदार: १. आमचे डॉक्टर २. शेजारचा शिंपी
स्थळ: दुकानाची खोली, दार उघडे ठेवून
मंगळवार, ९ डिसेंबर