मिर्ताला 'थांब' म्हणायचं आहे

२५ मे. सुट्टी.
मेहुण्याकडे लोक्रो, सणाचा घट्ट रस्सा. मका, भोपळा, डुकराचं मांस. तिसऱ्यांदा वाढून घेतलं. छातीत आग. तेवढ्यात बायको, मिर्ता, सगळ्यांसमोर म्हणाली की सात जूनला ती मार देल प्लाताला बहिणीकडे चालली, कायमची. मी 'थांब' म्हटलं तर थांबेल, पण आरडाओरडा न करता, माणसासारखं. मी लगेच आरडाओरडा केला. मेहुणा रामोन म्हणाला, दाजी, ही गिळा आधी. खिशातून चिंतेची गोळी काढली. आमच्या ब्युनोस आयर्समध्ये बडीशेप द्यावी तशी ही गोळी देतात.

२६ मे.
संकल्प. येर्बाचा चहा बंद. रागावणं बंद. सकाळी ॲसिडिटीची गोळी, रात्री चिंतेची. रविवारी मिर्ताला शांतपणे 'थांब' म्हणणार.

२७ मे.
डॉक्टरांनी चिंतेच्या गोळ्या लिहून दिल्या. आणखी कुठलं औषध घेता का, विचारलं. नाही म्हटलं. पोट हा खाजगी विषय आहे.
येर्बा प्यायलो. बिनसाखरेचा, म्हणून धरायचा नाही.

३० मे.
कमाल! बसमध्ये एका बाईने माझ्या पायावर पाय दिला आणि मीच सॉरी म्हटलं. इच्छाशक्ती म्हणतात ती हीच. माझ्या मनोविश्लेषक बाईंना सांगितलं. त्या 'हं' म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिला कौतुकाचा 'हं'.

३१ मे, रविवार.
जेवण झाल्यावर मिर्ता समोर बसली. म्हणाली, बोल, रुबेन. बोलणारच होतो. डोळा लागला. तोंड थेट कॅरमेल पुडिंगात. मिर्ताने पुसलं. यापुढे गोड बंद.

३ जून.
औषधाच्या दुकानातल्या एल्व्हिराबाई म्हणाल्या, अहो, या दोन्ही एकदम घेता? ही ॲसिडिटीची गोळी त्या दुसरीला अंगातून लवकर जाऊच देत नाही. ती साचत जाते. डॉक्टरांना माहीत आहे ना?
हसलो. म्हणजे हसायचं ठरवलं होतं. हा स्वभावातला बदल आहे, त्यांना काय कळणार?

५ जून.
रामोन येऊन ओरडला की दाजी, माझी बहीण घर सोडून चालली आणि तुम्ही जांभया काय देताय! बिचारा. फारच मनाला लावून घेतो. त्याला एक गोळी दिली.

७ जून.
जून म्हणजे आमच्याकडे हिवाळा. मिर्ता दारात, बॅग घेऊन. डोळे लाल. विचारलं, काही म्हणायचंय? वाईट वाटायला हवं होतं. आत शोधलं, सापडलं नाही. म्हणालो, जाताना दार ओढून घे, गार वारा येतोय.
आवाज जराही चढला नाही. संकल्प पूर्ण.

८ जून.
दिवसभर झोप. घर शांत.

९ जून.
कॉफी ओतायची म्हणून तासभर उभा होतो. भांडं रिकामं होतं. डॉक्टरांना फोन करून ॲसिडिटीच्या गोळीचं सांगितलं. ते कडाडले. ती बदलली, दुसरीही कमी केली.

१४ जून.
सकाळी मिर्ताची एक चप्पल पलंगाखाली दिसली. जमिनीवर बसून रडलो. फार रडलो. मग फोन लावला आणि ओरडलोच, मिर्ता, थांब!
ती म्हणाली, अरे, मला इथे येऊन आठवडा झाला. आणि थंडी वाढलीये, स्वेटर घालून झोपत जा.